नावं बदलली म्हणून अभ्यास चुकत नाही

कोल्हापुरातल्या वाचणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. तो कॅनडाचे कादंबरीकार गाय गॅव्रिएल के यांच्यावर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कागदपत्रं वाचायचे कष्ट नकोत म्हणून हा माणूस राजांची, राज्यांची नावं बदलतो, आकाशात दोन चंद्र टांगतो आणि त्याला फॅन्टसी म्हणतो, त्यातही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्कीनच्या घरच्या ओळखीवर मोठा झाला, रणजित देसाई आणि शिवाजी सावंतांच्या जिल्ह्यात असल्या पळवाटेचं कौतुक कशाला? हे वाचून गप्प बसवत नाही.

ओळखीचं आधी. ओळख होती, हे खरं. टोल्कीन १९७३ साली गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर यांनी विशीतल्या के यांना ऑक्सफर्डला बोलावून अपुऱ्या हस्तलिखितांच्या संपादनात मदतीला घेतलं. पण तिथून परतल्यावर के कायदा शिकले, १९८१ साली वकिलीची सनद घेतली, रेडिओसाठी न्यायालयीन खटल्यांवरची नाट्यं लिहिली. पहिली कादंबरी, एका त्रयीचा पहिला भाग, आली १९८४ साली. ओळखीचं भांडवल करणारा माणूस इतकी वर्षं थांबत नाही. त्या पहिल्या त्रयीवर टोल्कीनची सावली आहे, हे मीही म्हणेन. १९९० नंतरच्या लेखनाला मात्र ते लागू होत नाही.

आता मुख्य आरोप, अभ्यासाचा. ‘द लायन्स ऑफ अल-रासान’ ही १९९५ ची कादंबरी घ्या. तिच्यामागे मध्ययुगीन स्पेन आहे. १०३१ मध्ये कोर्दोबाची खिलाफत, म्हणजे तिथली मोठी मुसलमान राजवट, मोडली, तिचे तुकडे होऊन छोटी राज्यं झाली. १०८५ मध्ये तोलेदो ख्रिस्ती राजाकडे गेलं आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकेतून अल्मोराविद या मुसलमान घराण्याच्या फौजा उतरल्या. ‘एल सिद’ म्हणून गाजलेला ख्रिस्ती सरदार रोद्रिगो दियास याच धामधुमीतला. स्वतःच्या राजानं हद्दपार केल्यावर तो सारागोसाच्या मुसलमान राजाच्या चाकरीत गेला. के यांचा रोद्रिगोही असाच हद्दपार होतो, असाच परधर्मीय राजाकडे राहतो आणि तिथं त्याची एका कवीशी गाठ पडते. तिथले ख्रिस्ती, मुसलमान आणि ज्यू कादंबरीत अनुक्रमे सूर्य, तारे आणि चंद्र यांचे उपासक होऊन येतात. प्रत्यक्षात अनेक पिढ्या चाललेली उलथापालथ लेखक एका पिढीत आणतो. काय गाळायचं आणि काय जवळ आणायचं, हे सगळा कालपट हाताखालून गेल्याशिवाय ठरवता येतं का? ज्या इतिहासकारांवर आपण विसंबलो, त्यांची नावंही के पुस्तकात देतात. २००७ पासून त्यांची कादंबरी साधारण तीन वर्षांनी एक अशी येते. घाईत उरकणाऱ्याची ही चाल नव्हे.

मग नावं बदलायची कशाला? के यांनी स्वतः वेळोवेळी मांडलेलं कारण असं, की खऱ्या, होऊन गेलेल्या माणसाच्या मनात शिरून त्याचे विचार आपण रचावेत, हा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटत नाही. पन्हाळ्यावर शिवा काशीदांच्या समाधीपुढे उभं राहिलं की मला हे पटतं. १६६० च्या त्या रात्री महाराजांचं सोंग घेऊन पालखीत बसताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे सांगणारा कागद नाही. तिथं आपले शब्द घालताना हात थबकला, तर त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे. आणि ‘इतिहासाचा विपर्यास’ म्हणावं, तर दोन चंद्रांखालची गोष्ट स्पेनचा इतिहास म्हणून कोण वाचणार?

देसाई-सावंतांना यात ओढायचं कारणच नाही. त्यांनी खरी नावं घेऊन लिहिलं, ती जोखीम वेगळी आणि मोठी. पण याच शहरात राहून वि. स. खांडेकरांनी महाभारतातल्या एका उपाख्यानातून स्वतःची ‘ययाति’ उभी केली आणि तिला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. जुन्या कथेत स्वातंत्र्य घेणं आपल्याला परकं कधीच नव्हतं.

मजकुराच्या शेवटी आव्हान आहे: ‘आपल्या मातीवर असं लिहून दाखवा.’ जरूर लिहावं. औरंगजेबाशी झुंजलेल्या ताराराणींना १७१४ मध्ये पन्हाळ्यावर कैद झाली ती घरच्याच माणसांकडून. सवतीचा मुलगा गादीवर बसला आणि १७३१ मध्ये वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची वाटणी कायम झाली. नावं बदलून यावर कुणी कादंबरी लिहिली, तर ती मी पहिल्या दिवशी विकत घेईन.