मला अपग्रेड नकोय, आहे ते धड करून द्या!

माझ्या १९९२ च्या माझदा एमएक्स-५ चं स्टीअरिंग १९९२ साली जसं होतं तसं व्हावं, एवढीच माझी मागणी आहे. त्याहून भारी नको, रेसिंगचं नको. पण इथे इंग्लंडमध्ये या साध्या मागणीपायी नाकी नऊ आलेत. बाजारात वर्षभरात लोळणारा माल मिळतो आणि ट्रॅकवर पळवायचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा माल मिळतो. मधलं, म्हणजे रोज चालवायच्या गाडीला लागणारं चांगलं सरळ सामान, त्याचं नाव काढलं की काउंटरपलीकडचा माणूस असा बघतो जणू मी त्याच्याकडे उसने पैसे मागितले.

आणि ही काही संग्रहालयातली दुर्मीळ गाडी नाही हो! १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ती आली, आणि २०१६ पर्यंत चारही पिढ्या मिळून दहा लाख गाड्या बनल्या. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुणाचा नाही. ताकद बेताचीच, पण वजन टनाच्या आत, आणि सगळी मजा त्या स्टीअरिंगमध्ये. घोडा आणि स्वार एकजीव, हे डोक्यात धरून तोशिहिको हिराईंच्या टीमने ती गाडी बनवली. आता त्या घोड्याचा लगामच ढिला. सरळ रस्त्यावर व्हील इंचभर हलवा, गाडीला पत्ताच नाही. खड्ड्यात गेली की खालून टक्.

तर पहिला मान ट्रॅक रॉड एंडचा. आपल्याकडे टाय रॉड एंड म्हणतात तोच, स्टीअरिंगचा दांडा चाकाच्या बाजूला जोडणारा बॉलचा सांधा. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे लॉक नट रॉडवर असा बसलेला असतो की आधी दिवसभर त्यावर तेल मारून ठेवायचं, मग गॅसची ज्योत, मग शिव्या. टेपर, म्हणजे त्या सांध्याची निमुळती पिन, सोडवायला लोक तो दुहेरी सुळक्याचा फोर्क ठोकतात, त्यात सांध्यावरचं रबरी टोपण, म्हणजे बूट, फाटतो. जुना काढून फेकायचाच असेल तर ठीक, पण बाकीचं काही वाचवायचं असेल तर नट दोन आटे ढिला ठेवायचा आणि स्टीअरिंग आर्मच्या डोळ्यावर, म्हणजे ती पिन बसते त्या भोकाच्या कडेवर, बाजूने हातोडीचे सणसणीत घाव घालायचे. सुटतो तो टेपर. हे सगळं मला मान्य आहे. जुनी गाडी ठेवलीय म्हणजे हात काळे होणार. माझा राग गंजावर नाहीच.

माझा राग त्या नव्या पार्टवर आहे. ओरिजिनलला खाचांचा नट असतो आणि आरपार स्प्लिट पिन. नट ढिला झाला तर झाला, पण सुटून पडणार नाही. खोक्यातून काय निघतं? नायलॉनवाला नट. आवळायला घेतला की नट घट्ट व्हायच्या आधी आतला बॉलच गरागरा फिरायला लागतो. मग खालून जॅक लावून टेपर वर दाबायचा आणि झोपून, मान वाकडी करून पाना फिरवायचा. ग्रीस भरायला निपल नाही. बूट हाताला लागतो तो सायकलच्या ट्यूबपेक्षा पातळ. आणि पुढच्या एमओटीच्या, म्हणजे इथल्या गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या, आत तोच बूट तडकून आतलं ग्रीस बाहेर! नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेही धड मिळत नाहीत. जुना, फॅक्टरीतून आलेला बूट याच मिठात पंचवीस वर्षांच्या वर टिकला होता.

आणि एमओटीचा माणूस काय सोडतो होय? २०१८ च्या मे महिन्यापासून दोषांची प्रतवारी आली आहे. बूट खराब झालाय पण अजून धूळ अडवतोय, तर किरकोळ दोष, गाडी पास. फाटून आत माती जाणार असेल तर मोठा दोष, गाडी नापास. नियम बरोबरच आहे, त्या माणसाशी माझं भांडण नाही. पण विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, रबर हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही." अरे, मग तुमच्या वॉरंटीत बसतं तरी काय, पुठ्ठ्याचं खोकं?

कोल्हापुरात उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याला रॅकचा (व्हील फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा) झिजलेला बुश, म्हणजे त्या दांड्याला धरणारी आतली कडी, दाखवला असता तर त्याने उलटसुलट बघून, चहा पीत, संध्याकाळपर्यंत नवा काढून दिला असता. इथे "तो बुश सुटा मिळत नाही, पूर्ण रॅक घ्या." चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

आता उंटावरचे शहाणे. स्टीअरिंगला प्ले आहे एवढं म्हणायची खोटी. एक म्हणतो रबराच्या जागी पॉलीयुरेथेनचे कडक बुश घाल. दुसरा म्हणतो रॅकला अ‍ॅल्युमिनियमचे माउंट बसव. तिसरा म्हणतो बम्पस्टीअर (खड्ड्यात चाक वरखाली झालं की ते आपोआप वळतं तो प्रकार) घालवणारे लांब पिनवाले रॉड एंड घाल. अरे बाबा, ते गाडी खाली बसवलेल्यांसाठी असतात, रॉडचा बिघडलेला कोन परत जागेवर आणायला. माझी गाडी मूळ उंचीवर आहे. तिला ते लावले तर नसलेला बम्पस्टीअर मी पैसे देऊन घरी आणणार!

आणि चौथा, सगळ्यांत लाडका: "पॉवर स्टीअरिंग काढून टाक रे, काय फील येतो!" कसं काढायचं? पंपाचा बेल्ट काढ आणि रॅकच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोड, झालं. झालं काय, डोंबल? रॅकच्या आत पिस्टन तसाच आहे, त्याचं सील तसंच आहे. प्रत्येक वळणावर तुम्ही हाताने तेल इकडून तिकडे ढकलत बसणार. नीट करायचं तर रॅक बाहेर काढा, उघडा, ते सील काढा, आत ग्रीस भरा. शिवाय पिनियनपाशी, म्हणजे रॅक सरकवणाऱ्या दातेरी चाकापाशी, व्हॉल्व्हचा जो पीळ खाणारा दांडा असतो, तो वेल्ड करून घट्ट करा. नाहीतर मदत गेलेलीच आणि वर मध्यभागी ढिलाईही तशीच. हे काम करणारे लोक आहेत, मनापासून करतात, त्यांना नमस्कार. पण ज्याच्या गाडीला मुळातच झिजलेले जॉइंट आहेत त्याला हे सांगायचं? आधी झीज काढा, मग हौस करा ना!

इतकं सगळं होऊन गाडी अलाइनमेंटला नेली आणि तिथे माझं डोकं फिरलं. या गाडीला पुढे कॅम्बर (समोरून बघता चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे-पुढे कल) दोन्ही जुळवता येतात. खालच्या आर्मच्या आतल्या टोकांना एक्सेंट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवले की आर्म सरकवणारे बोल्ट, असतात, ते फिरवायचे. क्रम साधा आहे: आधी कॅस्टर-कॅम्बर, शेवटी टो, म्हणजे वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर ते, कारण आधीचे दोन हलवले की टो बदलतोच. त्या पोराने काय केलं? एका बाजूचा ट्रॅक रॉड फिरवला, स्क्रीनवर आकडे हिरवे झाले, बिल फाडलं. बाहेर आलो तर गाडी सरळ आणि व्हील डावीकडे झुकलेलं. परत आत गेलो. तो गंभीर चेहऱ्याने म्हणतो, "व्हील काढून एक दाता सरकवून बसवू का?" नाही! व्हील सरकवून रॅक मध्यावर येतो का रे? एका बाजूला गाडी जास्त वळणार, दुसरीकडे कमी, आणि इंडिकेटर कुठल्या तरी भलत्याच ठिकाणी आपोआप बंद होणार. दोन्ही रॉड सारखेच, उलटसुलट फिरवायचे, दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याला वेळ नाही, पुढची गाडी रॅम्पवर यायचीय.

मग कॅस्टर का नाही जुळवला विचारलं. "बोल्ट जाम आहेत, सर." हे मात्र खरं निघालं. बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव झालेत. तापवले तर रबर पेटतं, ठोकले तर काहीच होत नाही. कापूनच काढायचे, आर्म आणि चौकटीच्या मधल्या फटीत आरीचं पातं घालून, झोपून. पुढे चार, मागे चार. मागचेही जाम आहेत, मी पाना लावून बघितलंय. पण "जाम आहेत" हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला काय झालं होतं? बिलावर चारही चाकांचं अलाइनमेंट लिहिलंय आणि फिरवलाय एक रॉड!

बोल्ट मागवलेत. शनिवारी कापायला बसणार आहे. आता ज्याला ज्याला मला पॉलीचे बुश सुचवायचेत, त्याने आपली आरी घेऊन यावं, चार बोल्ट त्याचे.