पणजोबांच्या अक्षरातली छापील पोथी

घराची वाटणी किंवा रंगकाम, या दोनच प्रसंगी माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्यात गंजका अडकित्ता, कुणाची तरी कवळी आणि लाल रुमालात बांधलेली पोथी असा ऐवज असतो. अडकित्त्यावर कुणी हक्क सांगत नाही. पोथीची गाठ सुटते न सुटते तोच मात्र घरातलं ज्येष्ठ माणूस जाहीर करतं, "आपल्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलीय!" कुणीतरी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतं आणि संध्याकाळपर्यंत पोथीची किंमत कोटीत गेलेली असते. पुढचे पंधरा दिवस ज्याला भोगावे लागतात तो मी. म्हणजे प्रत्येक घरात असतो तो, "तुला वाचायची आवड आहे ना, मग तूच बघ" असं ज्याला सांगतात तो इसम.

पहिलं काम पणजोबांची बदनामी करण्याचं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि एकाच पानावरचे दहा 'र' शेजारी शेजारी ताडून बघायचे. बोरूनं लिहिलं असेल तर शाई दौतीत बुडवल्यावर गडद, मग फिकी, पुन्हा गडद अशी चालते. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, छपाई असेल तर दहाही 'र' जुळे भाऊ, आणि पानाच्या पाठीवर बोट फिरवलं की अक्षरांचा दाब लागतो. शिळाछाप मात्र लबाड. तिथे अक्षर खरंच लेखनिकाचं असतं, खास शाईनं लिहून दगडावर उतरवलेलं, त्यामुळे प्रत्येक 'र' वेगळा. पण शाई सगळीकडे सारखी सपाट आणि पाठ गुळगुळीत. लांबट सुटी पानं, समासाच्या दुहेरी रेघा हेसुद्धा छापखान्यांनी हस्तलिखितासारखंच ठेवलं, कारण गिऱ्हाइकाला पोथी पोथीसारखी हवी होती. पणजोबांच्या हातच्या पुष्कळ पोथ्या अशा शिळाछापाच्या निघतात, आणि हे सांगणाऱ्याला त्या रात्री जेवताना कुणी 'अजून वाढू का' विचारत नाही.

मग वय. पहिलं आणि शेवटचं पान बहुधा गेलेलंच असतं. सुट्या पोथीत येणाऱ्याजाणाऱ्याचा हात याच दोघांवर पडतो. शेवटचं पान उरलंच तर त्यावर शक सापडतो आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ येतं, शिवलीलामृताच्या शेवटी शके १६४०. ही रचनेची वर्षं. गेल्या महिन्यात छापलेल्या प्रतीतही तीच असणार. पण तोवर धाकट्या काकांनी 'सातशे वर्षांपूर्वीची पोथी' असा मजकूर वर्तमानपत्रासाठी तयार केलेला असतो.

छपाईचा शक बहुतेक वेळा छापखान्याच्या नावाजवळ, वेगळ्या ओळीत असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. जानेवारी लागल्यापासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीला ७९. आकडा पुसट असेल तर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातलं त्या वर्षाचं, नाव शोधावं. शकात १२ मिळवून ६० नं भागलं की बाकी येते तितवा संवत्सर. १६४० अधिक १२ म्हणजे १६५२, बाकी ३२, आणि बत्तिसावा विलंबी. शिवलीलामृतात विलंबीच आहे. पुसट आकडा ५ की ६ हा तंटा यानं मिटतो. पण साठ वर्षांनी तेच नाव पुन्हा येत असल्यामुळे भांडणाची हौस असलेल्यांना अगदीच निराश व्हावं लागत नाही.

'सन १८६७ चा २५ वा आक्ट' असा उल्लेख दिसला तर पुस्तक त्या सालानंतरचं. या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं केलं. त्याआधीच्या छापील मराठी पुस्तकांना अभ्यासक दोलामुद्रितं म्हणतात, म्हणजे पाळण्यातली पुस्तकं. पुढचा शोध शं. ग. दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं आहेत. पण नुसत्या नावावर जाऊ नये. लोकप्रिय पोथ्यांच्या आवृत्त्या इतक्या निघाल्या की छापखाना, साल आणि पानांची संख्या हे तिन्ही जुळल्याशिवाय 'सापडली' म्हणण्यात अर्थ नाही. त्यातही पोथीत आकडा पत्राला असतो, पृष्ठाला नव्हे, आणि तोही पाठीमागच्या बाजूला. ११२ पत्रं म्हणजे २२४ पृष्ठं. काही पोथ्यांत प्रत्येक अध्याय पुन्हा १ पासून सुरू होतो. अशी पोथी पंख्याखाली उघडणाऱ्याला पुढचा रविवार मोकळा ठेवावा लागतो.

हा शोध चालू असताना घरचे सेवा करायला सरसावतात. कुणी चिकटपट्टी आणतं. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि पट्टी गळून डाग तेवढा राहतो. कुणी उन्हात वाळवायला काढतं, कुणी बोटाला थुंकी लावतं. टीव्हीवर पाहून कुणी पांढरे हातमोजे चढवतं, त्यानं ठिसूळ कड बोटाला कळत नाही आणि तुकडा पडतो. स्वच्छ, कोरडे हात पुरतात. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, दिसली तर कोरडी पोथी प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवावी, आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर हवेतली वाफ थंड कागदावर पाणी होऊन बसते. शिवलीलामृत मटारांच्या शेजारी ठेवायला घरात कुणाची परवानगी मिळते हा वेगळा विषय. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत: तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. त्यांनाही एकत्र कुटुंबं होती.

किंमत म्हणाल तर छापील पोथीची फारशी येत नाही. मी आधी बघतो ती कोरी पाठपानं. कागद महाग, म्हणून त्यावर कुणीतरी मोडी लिपीत हिशेब टिपलेला असतो. नाव, तिथी, रक्कम. छापील मजकुराच्या हजार प्रती असतील, हा हिशेब एकच. गंमत अशी की मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत, तेव्हा वाचणारा माणूस मिळेपर्यंत ती रक्कम पणजोबांना येणं होती की त्यांच्याकडून देणं होती यावर घरात दोन पक्ष पडतात. ज्येष्ठ माणूस अर्थातच 'येणं'च्या बाजूला, आणि व्याजासकट.