ईसीजी नॉर्मल, म्हणून दुखणे गॅसचे?

व्हॉट्सअ‍ॅपवर सतत पुढे पाठवल्या जाणाऱ्या एका संदेशात तीन विधाने ठामपणे केलेली असतात: ईसीजी नॉर्मल आला की छातीतले दुखणे गॅसचेच, यंत्राने कागदावर ‘नॉर्मल’ छापले की डॉक्टरांना दाखवण्याची गरज नाही, आणि मनगटावरचे घड्याळ हीच तपासणी घरबसल्या करते.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. ईसीजी म्हणजे रक्तवाहिन्यांचे चित्र नव्हे. ती हृदयाच्या स्नायूतून जाणाऱ्या विद्युत्संदेशांची नोंद असते, आणि तीही साधारण 10 सेकंदांची. रक्तवाहिनी अरुंद झालेली असली, तरी विश्रांतीत स्नायूला पुरेसे रक्त मिळत असेल, तर प्रत्येक ठोक्याच्या पी, क्यूआरएस आणि टी या लहरी अगदी नेहमीसारख्या दिसतात. इतकेच नव्हे, तर हृदयविकाराचा झटका सुरू झाल्यावर काढलेला पहिला ईसीजीसुद्धा निर्दोष दिसू शकतो. विशेषतः इजा हृदयाच्या मागील भिंतीला होत असेल तेव्हा, कारण नेहमीच्या 12 लीडपैकी, म्हणजे हृदयाकडे पाहण्याच्या 12 दिशांपैकी, एकही त्या भिंतीसमोर नसते. म्हणूनच दुखणे चालू असल्यास 15 ते 30 मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात, गरज वाटल्यास पाठीवर इलेक्ट्रोड लावतात आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) काही तासांच्या अंतराने तपासतात. नॉर्मल ईसीजीमुळे झटक्याची शक्यता कमी होते, हे खरे; पण ती संपत नाही. ‘गॅसच असेल’ हे आपल्या घरांत फार सहज म्हटले जाते, आणि ज्या मधुमेही किंवा वृद्ध माणसांना छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप लागते वा घाम फुटतो, त्यांच्या जिवावर ते बेतू शकते.

यंत्राचा छापील निष्कर्ष हा केवळ मोजमापांवर बेतलेला अंदाज असतो. दोन्ही हातांच्या वायरींची अदलाबदल झाली, तरी पहिल्या लीडमधील लहरी उलट्या पडतात. रुग्णाची लक्षणे आणि त्याचा जुना ईसीजी यंत्रासमोर नसतो. डॉक्टर नेमके तेच शेजारी ठेवून वाचतात.

घड्याळ सहसा एकाच लीडची नोंद घेते. ठोक्यांची अनियमितता, उदाहरणार्थ एट्रियल फिब्रिलेशन, ओळखण्यासाठी ती खरोखर उपयोगी आहे. झटक्यातील एसटी भागाचा (क्यूआरएस आणि टी यांच्यामधील रेषेचा) चढ मात्र शेजारच्या किमान दोन लीडमध्ये पाहावा लागतो, त्यामुळे एका लीडवर त्याचा निर्णय होत नाही. छातीतला दाब थांबत नसेल, तर घड्याळ काहीही दाखवो, 108 वर फोन करावा.