मायनस एक

सोलापुरात फ्रीज मे महिन्यातच बंद पडतात. आमचाही पडला. बाहेर पारा ४३ वर, घरात दूध दुपारपर्यंत टिकेना, म्हणून हिला घेऊन सात रस्त्याकडच्या एका चकचकीत दुकानात गेलो, फ्रीज पसंत केला, खिशातनं नोटांचं पुडकं काढलं आणि विचारलं, "रोखीत किती कमी होतील?"

विकणाऱ्या पोरानं आधी नोटांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "रोख का, काका?" घरी कुणी आजारी आहे का, असं विचारावं त्या आवाजात.

मग त्यानं हिशेब सांगितला. रोख घेतला तर ४१,९९०. क्रेडिट कार्डावर हप्त्यानं घेतला तरी तेवढेच, पण वर साडेतीन हजार कॅशबॅक आणि तीन डब्यांचा कॅसरोल सेट. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला महाग आणि ज्याच्या खिशात नाहीत त्याला स्वस्त. यातला उफराटेपणा मी त्याला समजावून सांगू लागलो, तर तो "स्कीम आहे, काका" एवढंच म्हणत राहिला. तोवर हिची नजर कॅसरोलवर गेली होती, त्यामुळं अर्थशास्त्र तिथंच संपलं.

कार्ड नाही तर फायनान्स करू, म्हणून आम्हाला कोपऱ्यातल्या टेबलाकडं नेलं. तिथल्या पोरानं पॅन नंबर घेतला, लॅपटॉप बडवला आणि मान वर न करता सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काकांचा सिबिल मायनस एक!"

एसीखाली बसलेली माणसं वळून बघायला लागली. एका बाईंनी पर्स उचलून मांडीवर घेतली.

सिबिल म्हणजे माणसाची कर्जातली पत सांगणारा आकडा, तो ३०० ते ९०० असतो. म्हणजे अट्टल बुडव्यालाही तीनशे मिळतात. मायनस एक म्हणजे या माणसानं कधी कर्जच घेतलेलं नाही, सबब त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही. बाळीवेशीतलं वडिलोपार्जित घर, रोखीनं घेतलेली स्कूटर, कुणाचा रुपया न ठेवणं, या सगळ्याचा निकाल शून्याच्याही खाली लागला. मागच्या भिंतीवर दांडगं पोस्टर होतं, 'शून्य टक्के व्याज'. रिझर्व्ह बँकेनं २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. ते दुसऱ्या कुठल्यातरी नावानं वसूल होतंच. तेव्हा त्या दुकानात अस्तित्वात नसलेल्या दोन गोष्टी होत्या, एक ते व्याज आणि दुसरा मी. पैकी व्याजाला निदान पोस्टर होतं.

"मायनस?" शेजारच्या खुर्चीवरनं आवाज आला. "मायनस मी फक्त काश्मीरचं ऐकलो होतो, मालक."

कपाळाला विभूती, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि मांडीवर रबर लावलेलं फुगीर पाकीट. दुकानातली पोरं त्यांना अण्णा म्हणत होती. मी काही विचारलेलं नसताना अण्णांनी रबर काढलं आणि फायनान्सच्या टेबलावर ओळीनं सात कार्डं मांडली.

"हे निळं पेट्रोलचं. हे किराण्याचं. हे मुलीच्या क्लासचं. हे पहिलं, आईच्या अँजिओप्लास्टीला काढलो होतो, ते काय फिटेना, जाऊ द्या. आणि हे काळं! हातात घ्या, मालक. वजन बघा."

मी घेतलं. खरंच जड होतं.

"याच्यावर एअरपोर्टचा लाउंज फुकट."

विमान म्हटलं की सोलापूरकर जपून बोलतो. होटगी रोडच्या विमानतळापायी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडायची की ठेवायची, यावर हे गाव वर्षानुवर्षं भांडलं. २०२३ च्या जूनमध्ये ती पाडली, तरी भांडण उभंच आहे. म्हणून मी बेतानंच विचारलं, "इथनं गेलात?"

"छे! हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेलो, तिथनं विमानानं दिल्ली. लाउंजमध्ये इडली, उपमा, कॉफी, वर सूप. कार्डातनं कापले किती? दोन रुपये!"

"दिल्लीत काय काम होतं?"

"काम कसलं? तिकिटाशिवाय लाउंजमध्ये घेत नाहीत की."

"आणि तिकीट?"

"हप्त्यावर."

ही हसायला लागली. मला हसू येईना, कारण मी मनात गुणाकार करत होतो. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरा. लाखाची उधारी असेल तर साडेतीन हजार. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. झाले ४,१३०. बँक म्हणते, सगळे नको, नुसते पाच टक्के भरा, म्हणजे पाच हजार. त्यातले मुद्दलात गेले ८७०. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदत संपते. आज घेतलेल्या कोथिंबिरीवर आजपासून व्याज. हे सगळं मी अण्णांना त्यांच्याच पेनानं, फायनान्सच्या फॉर्मच्या पाठीमागं मांडून दाखवलं. फॉर्म कुणाचा होता माहीत नाही.

अण्णांनी ते शांतपणे वाचलं. "मालक, तुम्ही व्याज मोजलालाव. मी पॉइंट मोजतो."

"पण फेडता कसं?"

"फिरवायचं. ओळखीच्या दुकानात हे घासायचं, तो दोन-अडीच टक्के कापून रोख देतो, ती दुसऱ्या कार्डाला भरायची. त्याची तारीख आली की हे." बोटं कार्डांवरनं पेटी वाजवल्यागत फिरली. "चुकत नाही. चुकलंच तर वसुलीवाल्याचा फोन येतो. पण सकाळी आठच्या आधी नाही आणि संध्याकाळी सातनंतर नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. म्हणून मी आठ ते सात फोन बंद ठेवतो. घरीही नसतो."

मग खुर्ची जवळ ओढून ते हळू आवाजात म्हणाले, "आणि एक सांगू का? ती बँकेतली मॅडम मला 'सर' म्हणते. लिमिट वाढवून देऊ का, सर? सर, आपण आमचे खास ग्राहक. घरात कोण म्हणतं बे मला सर?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मलाही कुणी म्हणत नाही.

खास ग्राहक ते आहेतच, यात शंका नाही. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरून मोकळा होतो, त्याच्याकडनं बँकेला व्याजाचा पैसा मिळत नाही. लागतो तो थोडं थोडं भरत राहणारा. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो नावाच्या गावात, कुणी मागितलेलं नसताना, ६०,००० कार्डं पोस्टानं घरोघर पाठवली. फ्रेस्नो म्हणजे बेदाण्याचं गाव, आपल्या पंढरपूरकडं पिकतो तसाच. पुढं कॅलिफोर्नियाभर कार्डं वाटली. चारेक टक्के लोक थकवतील असा बँकेचा अंदाज होता, थकवले २२ टक्के. कुठलाही शहाणा सावकार तिथंच दुकान बंद करता. बँकेनं नेटानं चालू ठेवलं, आणि आज अण्णांच्या अर्ध्या कार्डांवर व्हिसा लिहिलंय ते त्याचंच पिल्लू.

आमचे वडील मिलमध्ये होते. किराणा वहीवर यायचा. वही फुगली की दुकानदार तोंडावर सांगायचा, "आधीचं दे, मग तेल ने." तेव्हा त्याचा भयंकर राग यायचा. पण पैसा त्याचा स्वतःचा होता, म्हणून तो नाही म्हणायचा. आता नाही म्हणणारा माणूसच कुठल्या काउंटरवर बसवलेला नाही. सगळे सर म्हणणारे.

मी हे मोठ्यानं बोललो असणार, कारण आमचा विकणारा पोरगा म्हणाला, "खरंय काका, पण एकदम पैसे जमणार कधी?" पोरगा पूर्व भागातला. वडील लूमवर, आई विड्या वळते. पगार किती विचारला तर त्यानं हातातला फोन दाखवला. त्या फोनच्या किमतीत त्याचे चार पगार बसत होते. फोन हप्त्यावर, गाडी हप्त्यावर. "साधा फोन घेऊन महागडे विकता येत नाहीत, काका. गिऱ्हाईक आधी आमच्याच हातात बघतंय." लोक उधळे झाले, ऐपत सोडून वागतात, अशी भाषणं मी कट्ट्यावर खूप ठोकलीत. त्या पोराला त्यातलं एकही लागू पडेना, आणि याचा मला उगाचच राग आला. पंधरा-सोळा हजारांत माणूस राबवायचा, त्यालाच हप्त्यानं माल विकायचा आणि वर त्याचा सिबिल चांगला म्हणायचं. मिली बंद पडल्यापासून या गावात पगार म्हणजे पुण्याला गेलेल्या पोरांबद्दल बोलायची गोष्ट झालीय. असो. फ्रीज घ्यायला आलो होतो.

तोडगा अण्णांनीच काढला. "मालक, माझ्या कार्डावर घ्या. रोख मला द्या. कॅशबॅक अर्धा-अर्धा. कॅसरोल वहिनींना."

ही माझ्या आधी "हो" म्हणाली.

पहिलं कार्ड घासलं, मशीननं नाकारलं. "झोपलंय," अण्णा म्हणाले. दुसरंही झोपलेलं. काळं तर इतकं गाढ झोपलं होतं, की मशीनच बंद करून परत चालू करावी लागली. चौथ्यावर कागद बाहेर आला. अण्णांनी माझ्या नोटा थुंकी लावून मोजल्या, पाकिटात घातल्या, रबर लावलं. क्षणभर त्यांचा चेहरा अगदी वेगळा दिसला, आईच्या कार्डाबद्दल बोलताना दिसला होता तसा. मग घड्याळ बघितलं, "आज एकाची तारीख आहे," म्हणाले, आणि गेले. बिल त्यांच्या नावावर, म्हणजे वॉरंटीही त्यांचीच. कॅशबॅक नव्वद दिवसांनी त्यांच्या कार्डात जमा होणार. त्यांचा फोन नंबर मी घेतलाय, पण तो आठ ते सात बंद असतो.

टेम्पोत फ्रीज चढवताना ही म्हणाली, "अहो, कॅसरोल?"

मी पोराकडं बघितलं. पोरगा फ्रीजच्या खोक्याकडं बघायला लागला.

"अण्णा घेऊन गेले, काका. कार्ड ज्याचं, गिफ्ट त्याचं, असं सिस्टिममध्येच आहे."

"पण त्यांना घ्यायचं काय होतं? एवढा वेळ बसले होते ते."

"त्यांना काही घ्यायचं नसतंय. रोखवालं गिऱ्हाईक दिसलं की येऊन बसतात. बाहेर घासलं तर दोन टक्के जातात ना, इथं वरनं कॅशबॅक मिळतो." मग आवाज खाली आणून, "अजून दोघं येतात. अण्णांचे सोमवार-गुरुवार."

"आणि इतक्या कॅसरोलचं करतात काय?"

"लग्नसराई आहे की, काका. आहेर करतात."