मलेरियाच्या लशीचा मेसेज: खुलासा

‘पुण्याची लस टोचून धडधाकट माणसांना मलेरियाचे डास चावायला लावतात, आता सोलापुरात घरोघरी रक्त घेऊन माणसं हेरताहेत’ असा मेसेज फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणून तर पसरतोय. ऑक्सफर्डने शोधलेल्या आणि पुण्याच्या सिरममध्ये बनणाऱ्या आर२१ लशीच्या सुरुवातीच्या चाचण्या ब्रिटनमध्ये निरोगी प्रौढांवर झाल्या. काही स्वयंसेवकांनी लेखी संमती देऊन प्रयोगशाळेतले बाधित डास चावून घेतले. वरचेवर रक्त तपासायचं, जंतू दिसला की लगेच औषध. लशीत जिवंत जंतू नसतोच, फक्त त्याच्या प्रथिनाचा तुकडा. आपल्याकडे आरोग्य कर्मचारी तापकऱ्याचं बोट टोचून काचपट्टीवर थेंब घेतात, ती मलेरियाची नेहमीची तपासणी. तिथे लशीचा काय संबंध?