मेल्डचा आकडा म्हणजे कुंडली नव्हे

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. मजकूर थोडक्यात असा: ‘हिपॅटायटिस बी, सी वाल्यानं लिव्हर बदलू नये. विषाणू रक्तात असतो, तो नवीन लिव्हरही खातो. मेल्ड स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय याचा आकडा) ३० च्या वर गेला की ऑपरेशन म्हणजे पैशाची होळी. वाचला तरी पाच वर्षं. देणारा जन्माचा अधू. त्यापेक्षा काविळीचं गावठी औषध घ्या.’ खाली भराभर अंगठे पडले. त्याच ग्रुपमधल्या एकाचा थोरला भाऊ बी मुळे पुण्यात ट्रान्सप्लांटच्या तपासण्या करून घेतोय, हे पाठवणाऱ्याला ठाऊक नसावं. रात्री त्या धाकट्या भावाचा मला फोन, “भावा, खरं हाय का हे?”

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये २२ वर्षं रक्त तपासतोय. पण या मेसेजची गंमत अशी, की तो पूर्ण खोटा नाही. तो शिळा आहे.

विषाणू नवीन लिव्हर खातो, हे एके काळी अगदी खरं होतं. १९८० च्या दशकात बी च्या रुग्णाला लिव्हर बसवलं आणि पुढे काही संरक्षण दिलं नाही, तर दहातल्या जवळपास आठ जणांत विषाणू परतायचा. काही केंद्रं अशा रुग्णाला घ्यायलाच नकार देत. १९९३ साली युरोपातल्या रुग्णांच्या अभ्यासातून दिसलं, की बी विरोधी इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांची) इंजेक्शनं दीर्घकाळ चालू ठेवली तर हे प्रमाण बरंच उतरतं. मग विषाणू दाबणाऱ्या गोळ्या आल्या, आधी लॅमिव्हुडीन, पुढे एन्टेकॅव्हिर आणि टेनोफोव्हिर. आज नीट औषधं घेणाऱ्यांत विषाणू परतण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आहे. पूर्वी ज्यांना परत पाठवत, ते बी चे रुग्ण आता प्रत्यारोपणानंतर सगळ्यात चांगले टिकणाऱ्यांत गणले जातात. अट एकच, गोळी कायमची. बी चा अंश शरीरात दडून राहतो, बंद केली की डोकं वर काढतो.

सी ची गोष्ट वेगळी. ऑपरेशनच्या वेळी रक्तात सी असेल तर तो नव्या लिव्हरमध्ये शिरतोच, आणि पूर्वी अशांपैकी २० ते ३० टक्के लोकांना पाच वर्षांत पुन्हा सिरॉसिस व्हायचा. मेसेजमधली भीती बहुधा त्याच काळातली. २०१३ च्या अखेरीस सोफोसब्युव्हिर आलं आणि चित्र पालटलं. साधारण १२ आठवडे गोळ्या, ९५ टक्क्यांच्या आसपास लोक विषाणूमुक्त. ऑपरेशनआधी घ्या नाहीतर नंतर, ते डॉक्टर ठरवतात. बी आणि सी दोन्हीची औषधं २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांतून मोफत मिळतात. हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता मेल्ड. बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (किडनी) आणि आयएनआर (रक्त गोठणं) या तीन रिपोर्टांवरून हा आकडा काढतात, पुढे त्यात सोडियमही आलं. तो ६ ते ४० असतो. अमेरिकेत २००२ पासून लिव्हर आधी कुणाला द्यायचं हे त्यावर ठरतं. कारण तो सांगतो, लिव्हर मिळालं नाही तर पुढच्या तीन महिन्यांत जिवाला किती धोका आहे. मिळाल्यावर काय होईल, हे सांगायला तो कच्चा आहे.

कोल्हापूरकराला हे समजायला अवघड नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पाणी वाढलं की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं घेऊन बाहेर पडतात. ‘४३ झालं, आता निघून काय उपयोग’ असं तिथं कुणी म्हणत नाही. आणि बंधाऱ्यावरचे फूट बघून कोण नव्या जागी कसा संसार करील, हेही कुणी सांगत नाही. मेसेजवाल्यानं नेमकं तेच केलंय.

मग नंतरचं भाकीत कशावर करतात? रुग्णाचं वय, अंगातलं मांस किती झडलंय, किडनी, व्हेंटिलेटरवर होता का, दात्याचं वय, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ असेल तर तिचा आकार. एकच गाठ पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक तीनच्या आत, हा अशा रुग्णाला ट्रान्सप्लांट करण्यासाठीचा मिलानचा निकष १९९६ पासून आहे. आणि सगळ्यात न मोजता येणारी गोष्ट म्हणजे माणूस टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणूनचं औषध, वेळेवर घेतो का. हे सगळं जुळवूनही डॉक्टर शक्यता सांगतात, तारीख नाही. उलट कधीकधी विषाणूचं औषध सुरू केल्यावर लिव्हर इतकं सावरतं की ट्रान्सप्लांट टळतं. कधी फसगतही होते. मेल्डचा आकडा उतरतो, माणूस यादीत मागे पडतो, पण आजारानं पोटात साचलेलं पाणी तसंच.

पाच वर्षांचं काय? अभ्यास एक आणि पाच वर्षांचे आकडे छापतात, म्हणून ‘पाच’. ढोबळ मानानं वर्षानंतर दहातले नऊ, पाच वर्षांनी सात-साडेसात हयात असतात. ती मुदत नव्हे.

दात्याबद्दल मात्र मेसेजवाल्याला उडवून लावणार नाही. आपल्या लिव्हरचा उजवा भाग देणाऱ्या जिवंत दात्यांत हजारी दोन ते पाच जण दगावतात असं सांगितलं जातं. निरोगी माणसाच्या बाबतीत हा आकडा लहान म्हणवत नाही. पण जन्माचा अधू? उरलेलं लिव्हर काही महिन्यांत बरंचसं भरून येतं आणि बहुतेक दाते कामाला लागतात.

गावठी औषधाचं एवढंच, की ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते. २०१२ साली इचलकरंजीत साथ आली ती ई ची. त्यात बरं झालेल्यांनी काढ्याला श्रेय दिलं असेल तर बिचाऱ्या काढ्याचा काय दोष! बी आणि सी जुनाट झाले की असे उतरत नाहीत.

फोन करणाऱ्या त्या भावाला मी एवढंच म्हटलं, की दाता म्हणून घरातल्यांची नावं पुढे करण्याआधी सगळ्यांचं एचबीएसएजी (बी ची रक्ततपासणी) करून घ्या. बी बऱ्याचदा आईकडून बाळंतपणात येतो, म्हणजे इतर भावंडांतही सापडू शकतो. तिघं उद्या सकाळी येतायत. उपाशीपोटी यायची गरज नाही, तेवढं कुणीतरी ग्रुपवर टाका.