‘रोज दहा शब्द पाठ करा’ या सल्ल्यात नेमकं काय चुकतं

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या गटांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. थोडक्यात तो असा: रोज दहा नवे शब्द पाठ करा, एकेका विषयाची यादी घ्या, प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून काढा, मातृभाषेतला अर्थ बघू नका, संदर्भावरून ओळखा. वर्षात ३,६५० शब्द होतील आणि कुठलंही पुस्तक वाचता येईल. सल्ल्यामागचा हेतू चांगला आहे. पण तो जसाच्या तसा पाळणारे विद्यार्थी दोन-तीन महिन्यांत थकतात आणि आपली स्मरणशक्तीच कमी आहे असं धरून बसतात. हे फार वाईट आहे, कारण दोष पद्धतीचा असतो.

‘रोज दहा, म्हणजे वर्षाला ३,६५०.’ या हिशेबात विसरणं धरलेलंच नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ केल्यावर तासाभरातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया गेलेली असे. अर्थ असलेले शब्द इतक्या झपाट्याने जात नाहीत, पण आधी वेगाने आणि मग सावकाश विसरण्याचा क्रम तोच राहतो. म्हणून उजळणी लागते: दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, दोन आठवड्यांनी आणि महिन्याने. एका शब्दाला पाच उजळण्या धरा. रोज दहा नवे घेतले तर दोन महिन्यांच्या आत रोज ५० जुने आणि १० नवे असे ६० शब्द समोर येऊ लागतात. त्यातले चुकलेले पुन्हा पहिल्या पायरीवर जातात, त्यामुळे आकडा आणखी फुगतो. एक दिवस बुडला की दुसऱ्या दिवशी १०० जुने शब्द वाट बघत असतात. बहुतेकांची वही इथेच बंद होते. रोज चार नवे घेतले तर एकूण २४ शब्द होतात आणि पाच-दहा मिनिटांत काम उरकतं. आठवड्यात पाच दिवस चार-चार घ्यावेत, उरलेले दोन दिवस फक्त उजळणी करावी. वर्षाला हजाराच्या आसपास शब्द होतात, आणि त्यातले बरेचसे टिकतात.

‘विषयवार यादी घ्या.’ सगळ्यात जास्त नुकसान या मुद्द्याने होतं, कारण पाठ्यपुस्तकंही बहुधा असंच करतात: रंग एका पानावर, शरीराचे अवयव दुसऱ्यावर, विरुद्धार्थी जोड्या तिसऱ्यावर. यादी नीटनेटकी दिसते, पण डोक्यात शब्द एकमेकांत मिसळतात. भाषाशिक्षणाचे संशोधक थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये, तसंच रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या अभ्यासांत, जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र शिकायला असंबंधित शब्दांपेक्षा जास्त वेळ लागला. वर्गात हे रोज दिसतं. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच तासाला शिकवले की विद्यार्थ्याला दोन शब्द आणि दोन अर्थ पक्के माहीत असतात, पण कुठला कशाचा हेच कळत नाही. ‘ट्यूजडे’ आणि ‘थर्सडे’ यांचं तर आणखी अवघड, कारण अर्थ जवळचा आणि दोघांची सुरुवात एकाच अक्षराने.

उपाय सोपा आहे. जोडीतला जास्त वापरातला शब्द आधी एकटा शिकवा. न अडखळता वापरता येऊ लागला की एक-दोन आठवड्यांनी दुसरा आणा. गट करायचाच असेल तर एखाद्या प्रसंगाचा करा: ‘नर्स’, ‘फीव्हर’, ‘स्वॉलो’ (गिळणं), ‘वीक’ (अशक्त). यात दोन नामं, एक क्रियापद, एक विशेषण. कुणी कुणाच्या जागेवर बसत नाही आणि चारही शब्द एका छोट्या गोष्टीत येतात. विषयवार यादीला काम आहे, पण ते शेवटी: शब्द पक्के झाल्यावर वर्गवारी करायला, राहिलेल्या जागा भरायला.

‘प्रत्येक शब्द दहा वेळा लिहा.’ तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून हात नक्कल करत असतो, डोकं दुसरीकडे असतं. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, न बघता आठवून काढणारे पुढे गेले. शब्दांनाही हेच लागू होतं. कार्डाच्या एका बाजूला फक्त इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि एक छोटं वाक्य लिहा. आधी इंग्रजी बघून अर्थ आठवा. ते जमलं की कार्ड उलटं धरा आणि अर्थावरून शब्द मोठ्याने म्हणा. बोलताना हीच दिशा लागते आणि तीच अवघड असते. पाचेक सेकंद खरोखर आठवू द्या, मगच उलटा. स्पेलिंगसाठी बघा, झाका, लिहा, तपासा, असं तीनदा पुरतं. कार्डांची चळत दर वेळी पिसून घ्या, नाहीतर शब्दांऐवजी त्यांचा क्रम पाठ होतो.

‘मातृभाषेतला अर्थ बघू नका, संदर्भावरून ओळखा.’ ‘द कॅट वॉज रिलक्टंट टु जंप’ या वाक्यात ‘रिलक्टंट’चा (खरा अर्थ: नाखूश) अर्थ भ्यायलेली, दमलेली, उत्सुक, तयार, काहीही बसतो. संदर्भ अर्थ सांगतो तो आजूबाजूचं जवळजवळ सगळं कळत असेल तेव्हा. आधार न घेता समजून वाचायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एकच अनोळखी. नवशिक्याकडे ती पुंजी नसते. ‘जेलसी’ हावभावांनी समजवण्यात चार मिनिटं घालवण्यापेक्षा ‘मत्सर’ सांगून टाका आणि वाचलेला वेळ तो शब्द वाक्यात वापरण्यावर द्या.

राहिला ३,६५० शब्दांत कुठलंही पुस्तक वाचण्याचा दावा. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबानुसार कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रांसाठी ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं लागतात, बोललेलं समजायला ६,००० ते ७,०००. ‘हेल्प’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ हे मिळून एक कुटुंब. पण यामुळे घाबरायचं कारण नाही, कारण शब्दांचा वापर अतिशय विषम असतो. इंग्रजी शिक्षणतज्ज्ञ मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये जास्त वापरातल्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी दिली. साधारण मजकुराचा पाचातला चार हिस्सा एवढ्यावर निघतो. म्हणून पहिली दोन-अडीच वर्षं जास्त वापरातल्या शब्दांच्या अशा यादीलाच द्यावीत. फिरणाऱ्या याद्यांमधले ‘सेरेंडिपिटी’सारखे दिमाखदार शब्द तोवर थांबू शकतात.

शिवाय अर्थ कळला म्हणजे शब्द आला असं नाही. ‘त्याविषयी चर्चा केली’ या मराठी वळणावरून विद्यार्थी ‘डिस्कस्ड अबाउट इट’ म्हणतो, ‘जोराचा पाऊस’वरून ‘स्ट्राँग रेन’ लिहितो. कार्डावर सुट्या शब्दाऐवजी ‘डिस्कस द प्रॉब्लेम’, ‘हेवी रेन’, ‘मेक अ मिस्टेक’ असे जोडीदारासकट शब्द लिहिले तर यातल्या बऱ्याच चुका सुरुवातीलाच टळतात.

प्रगती तपासताना कालचे शब्द विचारू नका. तीन आठवड्यांपूर्वीचे दहा काढा, अर्थ सांगून इंग्रजी शब्द आणि त्याचं एक वाक्य मागा. सातपेक्षा कमी आले तर पुढचा आठवडाभर एकही नवा शब्द देऊ नका.